आई-बाबांसाठी एक कोरियन मालिका

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

संध्याकाळच्या मालिकांमध्ये एकच भांडण महिनोन्‌महिने चालते आणि आता त्यांत मन रमत नाही, असे आई फोनवर म्हणाली, तेव्हापासून तुम्हा दोघांना कोरियन मालिका सुचवायच्या असे मनात होते. त्यांचा मला सर्वांत भावलेला गुण म्हणजे त्या वेळेवर संपतात. बहुतेकींची कथा बारा ते वीस भागांत पूर्ण होते. बाबांनी 'स्क्विड गेम'चे नाव ऐकले असेल, पण ती फार हिंसक आहे; तिच्या वाटेला जाऊ नका.

सुरुवात 'रिप्लाय १९८८'पासूनच करावी, असा माझा आग्रह आहे. २०१५ साली दक्षिण कोरियात सुरू झालेल्या या वीस भागांच्या मालिकेत सोल शहराच्या उत्तरेकडील सांगमुन-दोंग भागातील एक गल्ली, तिथली पाच कुटुंबे आणि ऑलिंपिकचे ते वर्ष आहे. पहिल्याच भागात जेवणाच्या वेळी प्रत्येक घरातील आई मुलांच्या हाती शेजाऱ्यांकडे काहीतरी पाठवते आणि भरलेली भांडी घेऊन मुले गल्लीभर धावत राहतात. आई, आपल्या वाड्यात शेजारची वाटी तू कधी रिकामी परत पाठवली नाहीस. हा प्रसंग तुला कोणी समजावून सांगावा लागणार नाही.

बाबा, नायिका डक-सनचे वडील बँकेत नोकरीला आहेत. मित्राच्या कर्जाला जामीन राहिल्यामुळे त्यांचा पगार हप्त्यांत जातो आणि कुटुंबाला अर्धे जमिनीखाली असलेल्या तळघरात राहावे लागते. तुमची सारी नोकरी बँकेत झाली, त्यामुळे त्या माणसाचे मिंधेपण आणि त्याचा चांगुलपणा तुम्हाला माझ्यापेक्षा अधिक कळेल. थोरल्या बहिणीच्याच केकवर दरवर्षी आपलाही वाढदिवस उरकला जातो म्हणून मधली डक-सन अखेर रडून भांडते, आणि त्यानंतर हे वडील तिची समजूत काढतात, तो प्रसंग कृपया घाईत पाहू नका.

काही भाग दीड तासाहूनही मोठे आहेत, म्हणून एक भाग दोन बैठकांत पाहावा. कोरियात आडनाव आधी येते आणि लग्नानंतर स्त्रिया ते बदलत नाहीत. त्यामुळे आईचे आणि मुलीचे आडनाव वेगळे दिसले तरी गोंधळू नका. संवाद मूळ कोरियनमध्येच ऐकावेत, कारण त्या कलाकारांच्या आवाजातच अर्धा अभिनय आहे. खालची इंग्रजी अक्षरे सेटिंगमध्ये मोठी करता येतात, आणि आईला वाचायला वेळ लागला तर बाबांनी थांबवून अर्थ सांगावा.

'नविलेरा' ही २०२१ ची बारा भागांची मालिकाही मला फार प्रिय आहे. सत्तर वर्षांचे एक निवृत्त पोस्टमन घरच्यांचा विरोध पत्करून बॅले नृत्य शिकू लागतात, अशी ती कथा आहे. तिच्यात पुढे स्मृतिभ्रंशाचा विषय येतो, त्यामुळे तुम्ही ती दोघांनीच पाहू नये असे वाटते. दिवाळीत मी घरी आले की आपण तिघे मिळून पाहू.

तोपर्यंत 'रिप्लाय १९८८' सुरू करा. मोठेपणीची डक-सन आणि तिचा नवरा अधूनमधून पडद्यावर येतात, पण गल्लीतल्या मित्रांपैकी तो नेमका कोण, हे बराच काळ उघड होत नाही. तुम्हा दोघांचे अंदाज मला वेगवेगळे कळवा. उत्तर मी सांगणार नाही.

तुमची,
धाकटी