दिल्या, हे तुलाच सांगतो

प्रिय दिल्या,

शिव्या देऊन झाल्या असतील तर पुढे वाच. इतके दिवस फोन नाही, मेसेज नाही, खरंय. तब्येत ठीक, बीपीची गोळी चालू.

इथे समुद्रात, तेलविहिरीच्या रिगवर एक प्रकार झालाय भो, घरी सांगून उपयोग नाही, बायको म्हणते सोडा ती नोकरी, विषय संपला. माझा नाइटचा ड्रिलर, चाळीसगावचा पोरगा, पाइप बाहेर काढत होता. तुला माहितीये, 5 स्टँड, म्हणजे तीन-तीन पाइपांचे जोड, निघाले की त्यांच्या जागी विहिरीने साडेतीन बॅरलच्या आसपास मड, तो ड्रिलिंगचा चिखल, प्यायला पाहिजे. ते मोजायचा ट्रिप टँक बघितला तर दीडच प्यायलेली, म्हणजे बाकीच्या जागेत खालून काहीतरी शिरलेलं. पोराने तिथंच ब्रेक लावला, मला उठवायच्या आधी. फ्लो चेक केला, विहीर आपोआप वाहते का बघितलं, तर गप. दुसऱ्याने पुढे ओढलं असतं. ह्याने पाइप परत तळाला नेला, मड फिरवलं, आणि खालचं वर आलं तेव्हा गॅस दिसलाच, थोडा, पण दिसला.

आता कंपनी मॅन, तेल कंपनीचा रिगवरचा माणूस, म्हणतो विहीर शांत होती, तास फुकट गेले, पोरगा घाबरट आहे, क्रू चेंजला उतरवा. आणि ते लिहून द्यायचं मी, कारण टूलपुशर, म्हणजे ड्रिलिंग क्रूचा साहेब, मी. रिगचं दिवसाचं भाडं केवढं ते मला शिकवतो! अरे, गॅस वर चढता चढता फुगतो, तो फ्लोअरवर आल्यावर शहाणपण काय कामाचं?

मी लिहिलं, ड्रिलरने बरोबर केलं, खाली ट्रिप शीटचे आकडे. तेव्हापासून कंपनी मॅन माझ्या टेबलावर जेवत नाही, बरंच झालं, बंगाली कुकच्या हातची शेवभाजी एकट्यानेच भोगतो. कॉन्ट्रॅक्ट रिन्यूला आलंय तेही बघून घेऊ. पण पोरगा आता साधं कनेक्शन, पाइपला पाइप जोडायचं, तरी विचारतो, "सर, करू का?" झोप त्यानेच उडालीये. पुढच्या वेळी हा ब्रेक लावायला माझी वाट बघत बसला तर? विचारत बसलं की काय होतं ते तुझ्या दोन बोटांना माहितीये.

तू बोल त्याच्याशी. मी बोललो की साहेब बोलतोय असं होतं. 14 दिवसांचा ऑफ लागला की हेलिकॉप्टरने जुहूला उतरून रात्रीच्या गाडीने भुसावळला येतो, त्यालाही घेऊन येतो.

केळीवर यंदा तो सीएमव्ही व्हायरस आला का? गुड्डीचा बारावीचा निकाल कळव. बोअरला पाणी लागलं का रे, तुला लागत नाही आणि मला नको ते लागतं! बामणोदची वांगी आणून ठेव, भरीत मीच करणार, वहिनींना नमस्कार. आणि सावद्याच्या स्टँडवरचं ते बिल मीच दिलं होतं, उगा वाद घालू नको.

तुझा,
पम्या