अयुथयाच्या बुद्धमूर्तींची शिरे कुणी नेली?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत सयामच्या, म्हणजे आजच्या थायलंडच्या, जुन्या राजधानीवरचा, अयुथयावरचा प्रवासलेख वाचला. छायाचित्रे फार सुरेख होती. पण ब्रह्मी सैन्याने १७६७ साली शहर जाळले आणि बुद्धमूर्तींची शिरे उडवली, एवढ्यावर लेखकाने सव्वादोनशे वर्षांची ब्रह्मी-सयामी युद्धे उरकली आहेत. शिवाय अयुथयाचा राजा नरेसुआन याने हत्तीवरून लढताना 'ब्रह्मदेशाच्या राजाला' मारले असेही लिहिले आहे. मी ३२ वर्षे शाळेत इतिहास शिकवला. चुकीचे छापलेले वाचून गप्प बसवत नाही.

आधी नरेसुआनचे. नोंग सराईच्या लढाईत १५९३ मध्ये पडला तो राजा नव्हता, युवराज मिंजी स्वा होता. त्याचे वडील, राजा नंदबयिन, त्यानंतरही काही वर्षे राज्य करत होते. युवराज कसा मेला यावरही एकमत नाही. सयामी बखरींत त्याला नरेसुआन समोरासमोरच्या द्वंद्वात मारतो, तर ब्रह्मी बखरींत तो बंदुकीच्या गोळीने मरतो. मला त्याहून मोठी वाटते ती वेगळीच गोष्ट. नरेसुआनचे लहानपण पेगूच्या, म्हणजे तेव्हाच्या ब्रह्मी राजधानीच्या, दरबारात ओलीस म्हणून गेले होते. पुढे ज्यांच्याशी लढला, त्यांच्याच घरात तो वाढला होता.

आता १७६७. थिबा राजा मराठी वाचकाला ठाऊक आहे. त्याच्याच कोनबाँग घराण्यातल्या सिनब्युशिन राजाने दोन फौजा पाठवल्या, एक उत्तरेकडून चियांग माईच्या बाजूने आणि दुसरी दक्षिणेकडून तवॉयमार्गे. अयुथया तीन नद्यांच्या वेढ्यातले बेट. पावसाळ्यात सभोवार पाणी भरले की शत्रूला तळ हलवावा लागे, आणि अयुथयाची सारी मदार त्या पुरावर होती. या वेळी मात्र ब्रह्मी सेनापती हलले नाहीत. उंचवट्यांवर मोर्चे बांधून, नावा जमवून त्यांनी पावसाळा काढला. वेढा जवळजवळ १४ महिने चालला आणि ७ एप्रिलला शहर पडले. राजवाडा, देवळे, हस्तलिखिते जळून गेली. त्या क्रौर्यावर मला पांघरूण घालायचे नाही.

पण जिंकलेले शहर राखायला फौज थांबली नाही, हेही सांगायला हवे होते. उत्तरेत चीनच्या सैन्याशी युद्ध पेटले होते, तिकडे माणसे हवी होती. जाताना त्यांनी सोने नेले आणि त्याहून मोलाची म्हणून माणसे नेली. त्या मुलखात जमीन उदंड होती, कसणारे हात थोडे. म्हणून कारागीर, नर्तक, वादक, राजघराण्यातली मंडळी, सगळ्यांना चालवत नेले. गादी सोडून भिक्षू झालेला उथुम्फोन राजाही त्यांत होता. तो ब्रह्मदेशातच वारला. ब्रह्मी शास्त्रीय संगीतात आजही गाण्यांचा एक प्रकार 'योदया' नावाने ओळखला जातो. योदया म्हणजे अयुथया.

राहिली ती शिरे. वाट महाथातमध्ये (थाई भाषेत 'वाट' म्हणजे देऊळ) झाडाच्या मुळांत अडकलेले बुद्धाचे मस्तक मी पाहिले आहे. तिथे फोटो काढताना त्या मस्तकापेक्षा खाली बसावे लागते. गुडघे दुखत होते तरी मी मातीत बसले आणि बराच वेळ उठले नाही. आजूबाजूला रांगेने बसलेली धडे होती. ती सगळी एका दिवसात, एकाच सैन्याने तोडली असे म्हणणे म्हणजे नंतरच्या चोरांना मोकळे सोडणे. पुराणवस्तूंच्या बाजारासाठीही इथली मस्तके कापून नेली गेली. वाट राचाबुरानाचे तळघर चोरांनी फोडले ते १९५७ साली! आणि बँकॉकचा तट बांधायला सयामचा राजा पहिला राम याने अयुथयाच्याच पडक्या भिंतींच्या विटा नावांतून नेल्या.

मंडालेच्या महामुनी मंदिराच्या आवारात ब्राँझच्या सहा जुन्या मूर्ती आहेत: सिंह, योद्धे आणि तीन तोंडांचा ऐरावत. त्या मूळच्या ख्मेर, म्हणजे कंबोडियातल्या. सयामींनी १४३१ मध्ये अंगकोर जिंकून त्या अयुथयाला आणल्या, ब्रह्मी राजा बयिन्नाउंगने १५६९ मध्ये अयुथया घेऊन त्या पेगूला नेल्या. पुढे आराकानच्या राजाने पेगू लुटले आणि त्या तिकडे गेल्या. ब्रह्मी राजा बोदवपयाने आराकान जिंकल्यावर त्या पुन्हा ब्रह्मी राजधानीत आल्या. एवढ्या वेळा लुटल्या गेलेल्या मूर्तींना आज लोक औषध मानतात. आपले जे दुखते, तो मूर्तीचा भाग चोळायचा. योद्ध्याचे पोट हात लागून लागून इतके गुळगुळीत झाले आहे की तेवढेच सोन्यासारखे चमकते. मी गुडघ्यावर हात ठेवला. ब्राँझ उन्हाने तापले होते.

या मूर्तींचे एखादे छायाचित्र पुढच्या पुरवणीत छापता आले तर पाहावे. ते जमले नाही तरी युवराजाला राजा केल्याची दुरुस्ती तेवढी जरूर छापावी, ही विनंती.

आपली,
एक निवृत्त इतिहास-शिक्षिका