यंत्राच्या ऑर्डरबरोबरच व्हिसाचाही विचार हवा

महोदय,

भोसरी, चाकण, सातपूर, वाळूज भागांतले लघुउद्योजक जर्मनीहून सीएनसी (संगणकाने नियंत्रित होणारी) यंत्रे आणतात आणि ती चालवणाऱ्या ऑपरेटरला दोन-तीन आठवड्यांच्या प्रशिक्षणासाठी तिकडे पाठवतात. यंत्राची ऑर्डर कितीतरी महिने आधी जाते. व्हिसाची आठवण मात्र यंत्र जहाजावर चढल्यावर होते. घाईत भरलेला अर्ज नाकारला जातो आणि ज्याला यंत्र चालवायचे तोच शिकायचा राहतो.

एवढ्या मुदतीसाठी शेंगेन व्हिसा, म्हणजे जर्मनीसह युरोपातल्या बऱ्याच देशांत चालणारा अल्प मुदतीचा व्हिसा लागतो. तो जास्तीत जास्त ९० दिवसांचा. अर्ज प्रवासाच्या ६ महिने आधीपासून करता येतो. निर्णयाला साधारण १५ दिवस लागतात, पण अधिक छाननी निघाली तर ४५ दिवसही जातात. उन्हाळ्यात अपॉइंटमेंट मिळणेच कठीण, तेव्हा अडीच-तीन महिने हाताशी ठेवावेत. शुल्क ९० युरो, अर्ज स्वीकारणाऱ्या केंद्राचे सेवाशुल्क वेगळे. अर्ज फेटाळला तरी ते परत मिळत नाही.

खरे घोडे अडते ते यंत्र विकणाऱ्या जर्मन कंपनीच्या निमंत्रणपत्रावर. ‘आमच्या कारखान्याला भेट देण्यासाठी’ एवढ्या दोन ओळी पुरत नाहीत. कोणत्या यंत्राचे प्रशिक्षण, कुठल्या पत्त्यावर, कोणत्या तारखांना, राहण्या-जेवणाचा खर्च कोणाचा, हे त्यात हवे. शिवाय हा माणूस शिकायला येतो आहे, उत्पादनाचे काम करणार नाही आणि त्याला तिथे पगार मिळणार नाही, हेही स्पष्ट हवे. प्रत्यक्ष कामावर लावायचे असेल तर व्हिसाचा प्रकारच बदलतो. नावाचाही घोळ होतो. आपल्या पासपोर्टवर बहुधा वडिलांचे किंवा नवऱ्याचे नाव मधे असते आणि तिकडचे पत्र नुसत्या नाव-आडनावाचे येते. म्हणून पासपोर्टच्या पहिल्या पानाची प्रत आधीच पाठवावी आणि पत्रात पासपोर्ट क्रमांकही मागून घ्यावा.

तारखा मोजताना उतरण्याचा आणि निघण्याचा, दोन्ही दिवस धरतात. ३ तारखेला उतरून १६ तारखेला निघालात तर मुक्काम १४ दिवसांचा. निमंत्रणावर फक्त प्रशिक्षणाचे दिवस असले तरी मालकाचे पत्र, तिकीट आणि विमा यांत हा पूर्ण मुक्काम यायला हवा. विमा किमान ३०,००० युरोंचा. पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर निदान ३ महिने चालणारा आणि गेल्या १० वर्षांत काढलेला असावा.

छोट्या कारखान्यांत पगार रोखीने देतात, ही दुसरी मोठी अडचण. मालकाच्या पत्रात ३०,००० रुपये पगार आणि बँकेच्या स्टेटमेंटमध्ये तो दिसतच नाही, मग अधिकाऱ्याने विश्वास कशावर ठेवायचा? अर्जाच्या आदल्या आठवड्यात खात्यात एकरकमी दोन लाख भरले की शंका वाढतेच. ज्याला पाठवायचे त्याचा पगार निदान सहा महिने आधीपासून बँकेतून द्यावा.

‘पर्यटन दाखवा, लवकर मिळतो’ हा काही एजंटांचा सल्ला अजिबात ऐकू नये. विमानतळावर सामानात निमंत्रणपत्र निघाले तर तिथूनच परत पाठवू शकतात. नकार आला तर पत्रावर खूण केलेले कारण वाचावे, तेवढी त्रुटी दूर करून नवा अर्ज करावा आणि आधीचा नकार लपवू नये. त्याची नोंद ५ वर्षे राहते.

उद्योजकांना कळकळीची विनंती आहे: प्रशिक्षणाच्या तारखा आणि निमंत्रणपत्राचा मजकूर यंत्राच्या खरेदी करारातच घालून घ्या. पैसे देण्याआधी विक्रेता हे पत्र आनंदाने देतो, नंतर त्यासाठी आठवडेच्या आठवडे मेल करत बसावे लागते.

– एक वाचक, पुणे