मंत्री साहेब, शिकवणी गावात येऊ द्या, रात्रीच्या बैठकीत

मा. ग्रामविकास मंत्री साहेब,

सप्रेम नमस्कार. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका लहान गावातल्या महिला बचत गटाची सचिव आहे, नऊ वर्षं झाली रजिस्टर मीच लिहिते, म्हणून हे पत्रपण मीच लिहायला बसली.

मागच्या पावसाळ्यात आमच्या गटातल्या एका ताईच्या नवऱ्याला पऱ्हाटीत, म्हणजे कापसाच्या शेतात, निंदताना पायाला साप चावला. घरच्यांनी पायाला दोरी कचकन आवळली, आधी बाजूच्या गावच्या बुवाकडं नेलं, तिथं दोन तास गेले आणि दवाखान्याच्या रस्त्यातच माणूस गेला. पोस्टमार्टम नको म्हणून तसाच नेला. चार महिन्यांनी मी तिच्या नवऱ्याचं पासबुक बँकेतून प्रिंट करून आणलं तर त्यात २० रुपये कटलेले दिसले. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना, १ जून ते ३१ मे, अपघाती मृत्यूला २ लाख. साप चावलेलंपण त्यात धरतात, पण दवाखान्याचा कागद लागतो, आणि कागद तर आमच्याकडं काहीच नव्हता. ती ओट्यावर बसून पासबुकातल्या त्या एका ओळीवर बोट ठेवून एवढंच म्हणाली, "मले कोणी सांगतलंच नाही व बाई."

साहेब, दोरी आवळायची नाही, कापायचं नाही, पाय हलू द्यायचा नाही, १०८ ला फोन लावायचा, सापाचं इंजेक्शन असलेल्या सरकारी दवाखान्यात न्यायचं, आणि कागद जपून ठेवायचा. हे शिकवायला अर्धा तास लागते, जास्त नाही.

आम्हाला ट्रेनिंग भेटत नाही असं मी म्हणणार नाही. उमेदमुळं, म्हणजे बचत गटांच्या सरकारी अभियानामुळं, आम्ही बोलायला लागलो, हे मी कुठंही सांगते. पण बाकीची शिबिरं तालुक्याला होतात, सकाळी ११ ला, म्हणजे त्या दिवशीची मजुरी गेली, वरून एसटी, मग जातात कोण तर अध्यक्ष आणि सचिव, ज्यांना आधीच थोडंफार कळते. पडद्यावर भराभर चित्रं सरकतात, भाषा पुस्तकातली, सही घेतात, फोटो काढतात, नाश्ता देतात. जिला खरंच गरज आहे ती तेव्हा कापूस वेचत असते.

यंदा संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मी एक करून पाहिलं. वाण दिल्यावर सगळ्यांना सतरंजीवर बसवलं आणि माझ्या पोराच्या मोबाईलवरचा क्यूआर कोड प्रत्येकीला स्कॅन करायला लावला, एक रुपयासाठी. मी म्हटलं समजा कोणी फोन करून सांगितलं की हे स्कॅन करा, तुमच्या खात्यात पैसे येतील, तर काय होते ते आता स्वतःच पाहा. स्क्रीनवर पिन मागितला तशी एक साठीची आजी थबकली, म्हणे, "पैसे येऊन राह्यले तं पिन काहून मांगते?" बस, तेच शिकायचं होतं. पैसे घेताना पिन लागतच नाही. आणि फसलोच तर लाज न बाळगता लगेच १९३० वर, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी नंबरवर, फोन लावायचा, जितका लवकर लावाल तितकी पैसे अडवले जायची आशा जास्त. हा नंबर आजीनं घरी जाऊन कोळशानं भिंतीवर लिहिला, मी डोळ्यानं पाहिला.

म्हणून माझी मागणी अशी की महिन्यातून एक शिकवणी, एक तासाची, फुकट, गटाच्या बैठकीतच, रात्री जेवणं झाल्यावर. दशसूत्री, म्हणजे बचत गटाचे दहा नियम, आम्ही म्हणतोच, त्यात आरोग्य आहे, शिक्षण आहे, शासकीय योजना आहेत, पण नुसतं म्हणून काय होते, हातानं करून पाहायला पाहिजे. पासबुक वाचणं, वारस लावणं, ओआरएसचं पाकीट एक लिटर पाण्यात कालवणं, कर्जाच्या कागदावर अंगठा देण्याआधी व्याज विचारणं. शिकवणारी गावातलीच एखादी बारावी झालेली पोरगी किंवा सून ठेवा, तिला आधी तुम्ही नीट तयार करा आणि तिचं मानधन वेळेवर द्या, वेळेवर हे मी मुद्दाम लिहिते कारण तिथंच सगळं अडते.

आणि पुरुष माणसांना वगळू नका. २०१७ मध्ये आमच्याच जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं किती शेतकरी आणि मजूर दगावले ते तुम्हाला माहीत आहे. फवारणी वाऱ्याच्या उलट करायची नाही, औषधानं भिजलेले कपडे अंगावर ठेवायचे नाहीत, हे सांगायला कृषी खात्याचा माणूस वेळेवर सगळीकडं पोहोचत नाही, त्याच्याकडं गावंच किती असतात. आमच्या गावात तुकडोजी महाराजांच्या गुरुदेव सेवा मंडळाची सामुदायिक प्रार्थना अजून रोज संध्याकाळी होते, माणसं जमलेलीच असतात, त्यांना प्रार्थनेनंतर अर्धा तास बसवता येते, मी मंडळाच्या भाऊंना विचारलं, ते हो म्हणाले. फक्त हे फवारणी लागायच्या आधी व्हायला पाहिजे, पोळ्यानंतर येऊन उपयोग नाही.

आमच्या ग्रामसंघाची, म्हणजे गावातल्या सगळ्या गटांची मिळून, बैठक दर महिन्याच्या ५ तारखेला रात्री ८ वाजता समाजमंदिरात असते. खुर्च्या नाहीत, सतरंज्या आहेत, लाईट गेली तर बॅटरी आहे. सुरुवात कुठून करायची हे ठरत नसेल तर आमच्यापासून करा, पहिल्या दिवशी सगळ्याजणी पासबुक घेऊन येतील ही जबाबदारी माझी.

आपली,
बचत गटाची एक सचिव
जि. यवतमाळ