शेजारच्या मुलीचं अमेरिकेतलं वर्ष

संपादक, सप्रेम नमस्कार,

परदेशी शिक्षण म्हटलं की आपल्याकडे डायरेक्ट एमएसच आठवतं, म्हणून हे लिहितेय. मी जर्मनीत स्टुटगार्टला राहते, आमच्या शेजारची सोळा वर्षांची मुलगी नुकतीच स्कॉलरशिपवर अमेरिकेत एक वर्ष हायस्कूल करून परत आली. १९८३ पासून जर्मन संसद आणि अमेरिकन काँग्रेस मिळून ही स्कॉलरशिप देतात, प्रवास, इन्शुरन्स सगळं त्यातच, शिवाय निवडलेल्या मुलाचा एक जर्मन खासदार पाठीराखा असतो आणि तिकडची मुलंही इकडे येतात.

मला सगळ्यात भारी वाटलं ते होस्ट फॅमिलीचं. एक पैसा न घेता परक्या पोरीला दहा महिने घरात ठेवायचं, खाऊपिऊ घालायचं, तिच्या शाळेचं बघायचं! सुरुवातीला तिला फार जड गेलं, इथे ती एकटी ट्रामने कुठेही जायची आणि तिकडे छोट्या गावात बसच नाही, दुकानात जायचं तरी कोणीतरी गाडी काढायला हवी, नोव्हेंबरमध्ये तर रोज आईला फोन करून रडायची. जूनमध्ये निघताना मात्र होस्ट आईच्या गळ्यात पडून रडली. आता त्या बाई डिसेंबरमध्ये इकडे येणारेत आणि पोरगी आत्तापासूनच खोली आवरतेय.

– एक वाचक, स्टुटगार्ट