उजव्या हाताच्या वतीने आभार

मॅडम, नमस्कार.

नाव लिहीत नाही, तुम्हाला ते आवडायचं नाही. पण पक्षाघातानंतर रोजची कामं पुन्हा शिकवणाऱ्या ज्या ऑक्युपेशनल थेरपिस्टनी बाबांचा हात मनावर घेतला, त्यांचे आभार चारचौघांत मानल्याशिवाय राहवत नाही.

मुंबईत व्हीआरच्या, म्हणजे डोळ्यांवर हेडसेट चढवून आभासी खेळांतून सराव देणाऱ्या थेरपीच्या पाट्या हल्ली बऱ्याच ठिकाणी दिसतात. आधीच्या सेंटरमध्ये हेडसेट डोक्यावर चढवायचे आणि मोबाइल बघत बसायचे. स्कोअर रोज वाढायचा, कारण बाबा खांदा उचलून, कमरेतून झुकून खेळातली फळं तोडत होते. बोटं जागची हलत नव्हती. खेळाचं चित्र टीव्हीवर घेतलेलंच नव्हतं, मग बघणार कोण?

तुम्ही आधी चाकांची खुर्ची हटवलीत. पाय जमिनीला टेकलेले, छातीवरून रुंद पट्टा, लुळा खांदा लोंबू नये म्हणून कोपराखाली टॉवेलची घडी. हात स्वतःहून जिथवर पोचतो तेवढ्यातच फळं ठेवलीत, मग जराजरा लांब. मुठीत कोंबलेला कंट्रोलर, म्हणजे खेळाचा रिमोट, बोटं उघडायला शिकवत नाही, म्हणून कॅमेऱ्याने हात ओळखायची सोय वापरलीत. तिचीही नाटकं आहेतच. मूठ आवळलेली असली, एका हाताआड दुसरा गेला किंवा उजेड कमी पडला, की पडद्यावरचा हात गायब! पेशंटला वाटतं, आपलंच चुकलं. "हा कॅमेऱ्याचा घोटाळा आहे, तुमचा नाही," असं म्हणून तुम्ही बोटं हळूहळू सैल करायचात, ट्यूबलाइट लावायचात, की पुन्हा सुरू.

पण खरे आभार एका वाक्याचे. "बाबा, आता मनगटाला हात लावते हं."

हेडसेट घातलेल्याला खोली दिसत नाही. न सांगता धरलं की माणूस दचकतो, आणि दचकला की ताठर हात आणखी ताठरतो: कोपर दुमडतं, मूठ मिटते, पुन्हा सैल होईपर्यंत सगळं थांबतं. तुम्ही दर वेळी सांगितलंत, खुर्ची सरकवतानासुद्धा. याला काही पैसे पडत नाहीत, तरी किती दुर्मीळ! आजारी माणसाचं शरीर म्हणजे कुणीही उचलून ठेवायची वस्तू, असंच बहुतेक ठिकाणी चालतं. शिकायला येणाऱ्या मुलांना यंत्राची बटणं नंतर दाखवा. आधी त्यांनाच हेडसेट घालून बसवा आणि न सांगता हात ओढा.

तुमचा प्रामाणिकपणाही सांगायलाच हवा. यंत्र तुमच्याकडे असूनही तुम्हीच म्हणालात, की 2016 मध्ये लॅन्सेट न्यूरॉलॉजी या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या चाचणीत पत्ते, जेंगा (ठोकळ्यांचा मनोरा) असले खेळ खेळणाऱ्यांचे हातही व्हिडिओ गेमवाल्यांइतकेच सुधारले. अनेक चाचण्या एकत्र तपासणाऱ्या 2017 च्या कॉक्रेन आढाव्यात 72 चाचण्या होत्या. नेहमीच्या थेरपीऐवजी व्हीआर दिलं तर हाताला जास्त फायदा दिसला नाही, तिच्या जोडीला वाढीव सराव म्हणून दिलं तर दिसला. पॅकेज विकणाऱ्यांनी यातलं अवाक्षर काढलं नव्हतं.

खेळातल्या पेल्याला वजन नसतं, तो बोटांना टेकत नाही. म्हणून दहा-पंधरा मिनिटांच्या खेळानंतर लगेच तीच पकड खऱ्या वस्तूवर: स्टीलचा पेला आधी रिकामा, मग पाव भरलेला, कपड्यांचे चिमटे, सदऱ्याची बटणं. 1950 मध्ये कमलाताई निंबकरांनी मुंबईच्या केईएम रुग्णालयात ऑक्युपेशनल थेरपीचं शिक्षण सुरू केलं. त्या विद्येचा गाभाच हा, की हाताला त्याचं रोजचं काम परत द्यायचं. हेडसेट आला म्हणून तुम्ही ते सोडलं नाहीत.

करंगळी अजून पुरती उघडत नाही, तुम्ही तसं आधीच बजावलं होतं. सदऱ्याची खालची बटणं बाबा स्वतः लावतात. वेळ लागतो, पण तुमच्या सांगण्यावरून आम्ही मध्ये पडत नाही. गळ्याजवळचं बटण दिसत नाही म्हणून अडतं, तेवढं पुढच्या वेळी घेऊ या.