छोट्या पत्रकाराच्या बाजूने कोर्टात उभे कोण राहणार?

माननीय संपादक महोदय,

पत्रकारिता स्वातंत्र्याचा विषय निघाला की आपल्याकडे चर्चा हल्ले, धमक्या आणि सरकारी दडपण यांभोवती फिरते. त्यात चूक काही नाही. पण जिल्हा न्यायालयात लघुलेखक म्हणून नोकरी झाल्यामुळे मला दुसरीही बाजू दिसली आहे. तालुक्याच्या गावचा साप्ताहिकवाला मारहाणीला एक वेळ पुरून उरतो, पण तारखांनी पार खचतो. म्हणून लंडनच्या ‘मीडिया डिफेन्स’ या संस्थेच्या कामाकडे वाचकांचे लक्ष वेधावेसे वाटते.

२००८ साली सुरू झालेली ही संस्था अडचणीतल्या पत्रकारांना वकील मिळवून देते, वकिलांची फी भरते आणि देशातली दारे बंद झाली की आंतरराष्ट्रीय न्यायालयात दाद मागते. तिची ताकद लंडनच्या कार्यालयात नाही. देशोदेशीच्या स्थानिक वकिलांशी आणि संस्थांशी बांधलेल्या संबंधांत आहे.

या कामाचे मोल बुर्किना फासोतल्या एका खटल्यावरून कळते. ‘लुरागाँ’ नावाच्या साप्ताहिकाचे संपादक लोहे इसा कोनाते यांनी ऑगस्ट २०१२ मध्ये राजधानीतल्या मुख्य सरकारी वकिलावर भ्रष्टाचाराचे आरोप करणारे लेख छापले. ऑक्टोबरमध्ये, म्हणजे तीन महिन्यांच्या आतच, निकाल लागला. बारा महिने कैद, वर जबर दंड, फिर्यादीला भरपाई आणि साप्ताहिक सहा महिने बंद. खटल्याचा एवढा झपाटा आमच्या कोर्टात मी तरी कधी पाहिला नाही! अपिलातही शिक्षा कायम राहिली. मग ‘मीडिया डिफेन्स’च्या नानी यानसेन, बॅरिस्टर जॉन जोन्स आदी वकिलांनी हे प्रकरण मानवी हक्कांच्या आफ्रिकी न्यायालयात नेले. या न्यायालयाचे मुख्यालय टांझानियातल्या अरुशा येथे आहे. ५ डिसेंबर २०१४ रोजी त्याने निकाल दिला की अब्रुनुकसानीसाठी पत्रकाराला तुरुंगात टाकणे हा अभिव्यक्ती स्वातंत्र्याचा भंग आहे, आणि बुर्किना फासोने आपला कायदा बदलावा. कोनाते तोवर पूर्ण शिक्षा भोगून बाहेर आले होते, पण कायदा मात्र खरोखर बदलला. पुढे केनियाच्या उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये आणि लेसोथोच्या घटनात्मक न्यायालयाने २०१८ मध्ये फौजदारी अब्रुनुकसानीची कलमे रद्दबातल ठरवली.

बाहेरून वकील कशाला, असे कुणी विचारील. अझरबैजानचे उदाहरण घ्या. राष्ट्राध्यक्षांच्या कुटुंबाचे आर्थिक व्यवहार उजेडात आणणाऱ्या पत्रकार खदिजा इस्मायिलोवा यांना २०१५ मध्ये साडेसात वर्षांची शिक्षा झाली. असे खटले मानवी हक्कांच्या युरोपीय न्यायालयात नेणारे तिथले नामवंत वकील इंतिगाम अलियेव त्याआधीच साडेसात वर्षांसाठी आत गेले होते, आणि पोलिसांनी त्यांच्या कार्यालयातून पक्षकारांच्या फायलीही उचलून नेल्या होत्या. वकीलच आत असेल तर वकालतनामा द्यायचा कुणाला? खदिजांचे प्रकरण परदेशी वकिलांनी युरोपीय न्यायालयात लावून धरले. मे २०१६ मध्ये त्या सुटल्या.

हे सगळे गोडगोड आहे असे नाही. रवांडा, टांझानिया, बेनिन आणि आयव्हरी कोस्ट या देशांनी नंतर आपल्या नागरिकांचा आफ्रिकी न्यायालयात थेट जाण्याचा मार्ग काढून घेतला. खुद्द बुर्किना फासोत आता लष्करी राजवट आहे आणि २०२५ मध्ये तिथे अटक झालेले पत्रकार काही दिवसांनी सक्तीने भरती होऊन लष्करी गणवेशात दिसले. निकाल कागदावर राहतो आणि देश वळण बदलतो, हे मान्यच करावे लागेल.

आपल्याकडे काय? सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये फौजदारी अब्रुनुकसानीचे कलम वैध ठरवले. नव्या न्याय संहितेतही ते ३५६ क्रमांकाने कायम आहे. दोन वर्षांपर्यंत साधी कैद किंवा दंड किंवा दोन्ही, आणि समाजसेवेच्या शिक्षेची नवी भर. छापलेले खरे असणे पुरेसे नसते, ते लोकहिताचे होते हेही दाखवावे लागते. आणि शिक्षेपर्यंत वेळ येतेच असे नाही. एका साप्ताहिकाचे संपादक आमच्या कोर्टाच्या व्हरांड्यात जुने अंक नायलॉनच्या पिशवीत घेऊन सकाळपासून पुकाऱ्याची वाट पाहत बसलेले मला आठवतात. फिर्यादीचा वकील हजेरीमाफीचा अर्ज देई, पुढची तारीख पडे आणि हे शेवटची एसटी गाठायला धावत. तशीच दुसरी फिर्याद शेजारच्या तालुक्यात. अंक छापायचा कधी? २०१७ चा राज्याचा पत्रकार संरक्षण कायदा मारहाणीवर आणि तोडफोडीवर आहे. या छळाला तो लागू होत नाही.

परदेशी वकिलांना आपल्या न्यायालयात उभे राहता येत नाही. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तसे स्पष्टच केले आहे. परकीय देणगीचे नियमही कडक. तेव्हा ‘मीडिया डिफेन्स’ने इथे यावे असे मी म्हणत नाही. त्यांची पद्धत मात्र उचलता येईल, आणि ती आपल्याला अगदीच परकी नाही. १८९७ मध्ये टिळकांवर राजद्रोहाचा खटला झाला तेव्हा बंगालमध्ये वर्गणी गोळा झाली आणि पुण्याच्या संपादकासाठी कलकत्त्याहून प्यू आणि गार्थ हे बॅरिस्टर मुंबईच्या कोर्टात उभे राहिले. दीड वर्षाची शिक्षा झाली, ती टळली नाही. पण बचाव लोकांच्या पैशातून झाला.

आज प्रत्येक जिल्ह्यात पत्रकार संघ आहे आणि वकील संघही आहे. पुरस्कार, अधिवेशने, दिनदर्शिका यांसाठी पैसा उभा राहतो. त्यातला थोडा बाजूला काढून जामीन, प्रवास आणि साक्षीच्या नकला यांचा खर्च भागवणारा निधी करता येणार नाही का? प्रत्येक तालुका न्यायालयात अशी प्रकरणे नाममात्र फीवर चालवायला तयार असलेल्या दोन-तीन वकिलांची यादी केली तरी पुष्कळ झाले. अट एकच असावी: मजकूर तपासून आणि दुसरी बाजू विचारून छापलेला हवा. खंडणीसाठी अंक काढणारेही आहेत, त्यांच्यासाठी हा निधी नको.

आपल्या दैनिकाने यावर जिल्ह्यातील वकील संघांची आणि पत्रकार संघांची मते मागवून ती छापावीत, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त न्यायालयीन लघुलेखक, सातारा